कार्डाचा मान

"इवायाचा एक रुपया खर्च होऊ देईन, तं नावाचा देवीदास नाई!"

शेंदूरजनाघाटचे संत्र्याचे व्यापारी देवीदास निस्ताने यांनी होणाऱ्या व्याह्यांबद्दलची ही घोषणा अंगणात, गाडीत बसण्याआधी, चुलतभाऊ नत्थुजींच्या देखत केली. नत्थुजींच्या देखत करण्याला कारण होतं. आठ वर्षांपूर्वी नत्थुजींच्या मुलीच्या लग्नात वऱ्हाडी मंडळींना सकाळचा चहा मुलाकडच्यांनी पाजला होता. तेवढ्या एका चहावरून देवीदासजी आजतागायत दर दिवाळीला नत्थुजींना टोमणे मारत आले होते. आता देवीदासजींच्या प्रतीक्षाचं लग्न जमलं होतं आणि नत्थुजी टपून बसले होते. मुलाकडच्यांनी कुठं नुसती पाण्याची बाटली जरी घेतली असती, तरी ती बातमी संध्याकाळपर्यंत वरूडच्या बाजारात पोचली असती.

मुलगा अकोल्याचा, गौरांग. त्याचे वडील वसंतराव वकील, आई अनुपमाबाई शाळेत बाई. लग्नाआधी दोन्ही घरांचा परिचय वाढावा म्हणून गौरांगनं अमरावतीजवळच्या 'सागरलहर' वॉटर पार्कमध्ये एक रविवार घालवायचं सुचवलं होतं. समुद्र तिथून शेकडो कोसांवर, पण लाटा दर तासाला भोंगा वाजवून येतात, असं ते ठिकाण.

देवीदासजी फळं झाडावर असतानाच उभे बगिचे रोखीनं घेणारे गृहस्थ. फोनवरून पैसे देणं त्यांना पटतच नसे. ज्याला नोटा मोजून दिल्या नाहीत त्याला पैसे दिले असं म्हणायचं तरी कसं, हा त्यांचा सवाल. बंडीच्या आतल्या खिशात नोटांचं बंडल घालून ते पार्कच्या फाटकाशी उतरले, तर समोर हत्तीएवढ्या अक्षरांत पाटी: 'रोख नको, फक्त मजा!'

खिडकीतल्या मुलीनं समजावलं. आत कुठंही रोख चालत नाही. पैसे इथंच भरायचे, कार्ड घ्यायचं आणि आत कार्ड दाखवून खायचं-प्यायचं. वसंतरावांचा हात फोनकडे जातो न जातो तोच देवीदासजींनी अख्खं बंडल खिडकीत सारलं. तिकिटं, नायलॉनचे पोशाख, सामानाचं कपाट हे सगळं वजा जाऊन कार्डावर अकरा हजार उरले. डिझेलसाठी एक पाचशेची नोट तेवढी गाडीत राहिली.

इथवर सगळं झकास झालं होतं. ते कार्ड देवीदासजींनी स्वतःच्या गळ्यात अडकवलं असतं तर ही गोष्ट दुपारच्या डोशापाशीच संपली असती. पण मुलीच्या बापाला नुसता खर्च करून समाधान नसतं, मानही द्यायचा असतो. त्यांनी खिशातला कोरा रुमाल काढला, त्यावर कार्ड ठेवलं आणि चार लोकांत वसंतरावांपुढे दोन्ही हातांनी धरलं.

"वकीलसाहेब, आजचा कारभार तुमच्या हाती. तुमी म्हनान ते."

वसंतरावांचा चेहरा पडला. कारण त्यांचीही एक घोषणा होती. मुलगी पाहायला आले तेव्हा त्यांनी सगळ्यांदेखत सांगितलं होतं, "आम्हाला मुलीकडचा एक रुपया नको." हे वाक्य त्यांनी अकोल्याच्या कोर्टात निदान वीस वकिलांना ऐकवलं होतं आणि तीन वेळा चहाही उकळला होता. आता त्याच तोंडानं मुलीच्या बापाच्या पैशानं डोसा कसा खायचा? पण मान नाकारणंही बरं दिसेना. त्यांनी कार्ड गळ्यात अडकवलं आणि ते देवाच्या ताईतासारखं दिवसभर तिथंच राहिलं.

अकरा वाजता लिंबू सरबताचं दुकान आलं. देवीदासजी थांबले. वसंतराव आता सगळ्यांना विचारतील म्हणून त्यांनी आशेनं पाहिलं. वसंतराव म्हणाले, त्यांना मुळी तहानच नाही. तसं असेल तर देवीदासजींनाही नव्हती. दोघंही घसरगुंडीकडे गेले.

एक वाजता डोशाचा वास सुटला. अनुपमाबाईंनी जाहीर केलं की त्यांचा रविवारचा उपास असतो. हा उपास वसंतरावांनी तीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच ऐकला. पाठोपाठ माणिकबाईंनी, म्हणजे देवीदासजींच्या कुटुंबानं, आपलाही उपास जाहीर केला आणि नवऱ्याला कोपऱ्यात ओढलं.

"मांगा नं ते कार्ड वापस! मले गरगर फिरल्यासारखं होऊन राहिलं."

"देल्लेला मान वापस मांगतात का कोनी? नत्थ्या गावभर बोंबलन."

"मंग दुसरं कार्ड घ्या."

"कायच्यानं? सारे पैसे त्याच्यातच हायेत."

तेवढ्यात वसंतराव हळूच खिडकीकडे सटकताना दिसले. स्वतःच्या पैशानं वेगळं कार्ड घ्यावं आणि चौघांना जेवू घालावं, असा त्यांचा साधा बेत होता. देवीदासजींनी ओल्या फरशीवरून धावत जाऊन त्यांचं मनगट धरलं. "माह्या गळ्याची शप्पथ हाय वकीलसाहेब." शपथ मोडून व्याह्याचा जीव कोण धोक्यात घालेल? वसंतराव परत फिरले.

गौरांग आणि प्रतीक्षा ही पोरं मधूनच उगवायची. दोघांचे चेहरे टवटवीत. काही खाता का म्हणून विचारलं की दोघंही नको म्हणायची. पोरं किती समंजस, हावरेपणा कसा तो नाही, यावर दोन्ही बापांचं दिवसभरातलं पहिलं एकमत झालं. आपल्या पोटातल्या आगीची मात्र दोघांनाही लाज वाटली.

पावणेपाचला लाटांचा भोंगा वाजला. लाट आली, वसंतरावांना कमरेत लागली आणि ते मटकन खाली बसले. देवीदासजींनी काखेत धरून उचललं. इतका वेळ कोर्टातल्यासारखं शुद्ध बोलणारा तो माणूस एकदम कळवळला.

"देवीदासजी, मले लय भूक लागली हो."

"मंग खा नं बाप्पा! कार्ड तं तुमच्याच गळ्यात हाय."

"पैसे तुमचे आहेत. मी कसा खाऊ?"

"मी तुमाले देऊन बसलो. मी कसा मांगू?"

कमरेएवढ्या पाण्यात दोघं एकमेकांकडे बघत उभे राहिले. शेवटी वकिलाचं डोकं चाललं. कार्ड एकट्यानं दाखवायचं नाही, दोघांनी मिळून धरायचं. म्हणजे कोणी दिलं नाही आणि कोणी घेतलं नाही. एका कोपऱ्याला देवीदासजी, दुसऱ्या कोपऱ्याला वसंतराव, अशी ती वरात निथळत डोशाच्या दुकानी पोचली. दुकानदार तवा घासत होता. स्वयंपाकघर पाचला बंद होतं. आणि हो, त्यानं आठवण करून दिली, कार्डातले पैसे सहा वाजता बुडतात, परत मिळत नाहीत.

उघडं होतं एकच दुकान, फाटकाजवळचं. तिथं निळ्या टोप्या मिळत होत्या. अडीचशेला एक.

"किती हायेत?" देवीदासजींनी विचारलं.

कार्डात बसल्या तेवढ्या चव्वेचाळीस टोप्या घेतल्या. त्या पोत्यात भरत असतानाच पोरं आली. गौरांगच्या बाहीवर लाल चटणीचा डाग होता.

"तुमी जेवलेत?" देवीदासजींचा आवाज चिरकला.

"हो बाबा, दोन वेळा," प्रतीक्षा म्हणाली. "फोनवरून कार्ड घेतलं. एकदा यानं पैसे दिले, एकदा मी."

दोन्ही बापांनी पोतं उचललं. बाहेर आल्यावर देवीदासजींनी गाडीची डिक्की उघडली. विहीणबाईंना भेट म्हणून आणलेली संत्र्यांची पेटी सकाळपासून तिथंच होती. चौघांनी उभ्या उभ्या अर्धी पेटी संपवली आणि अनुपमाबाईंचा उपास सालीसकट सुटला.

घोषणा मात्र खरी ठरली, व्याह्यांचा रुपया काही लागला नाही. लागला तो जावयाचा, आणि त्याबद्दल प्रतीक्षानं नत्थुकाकांपाशी तोंड उघडलं नाही. पुढच्या महिन्यात लग्न लागलं. पाहुण्यांना शेला-टोपी देऊन मान करायचा रिवाज. घरात चव्वेचाळीस कोऱ्या टोप्या असताना नव्या पांढऱ्या टोप्या विकत घेणं देवीदासजींच्या व्यापारी मनाला पटेना. चव्वेचाळीस सोयरे मांडवात ओळीनं बसले. देवीदासजींनी प्रत्येकाच्या खांद्यावर शेला टाकला, डोक्यावर निळी टोपी ठेवली आणि पाया पडले. पहिला मान अर्थातच नत्थुजींचा होता.

आहेराच्या टेबलावर मात्र शुकशुकाट होता. संध्याकाळपर्यंत सगळी मिळून नऊ पाकिटं आली, तीही बिनटोपीच्या लोकांची. देवीदासजी अस्वस्थ झाले. काही रुसवाफुगवा झाला काय म्हणून त्यांनी नत्थुजींनाच बाजूला घेऊन विचारलं.

नत्थुजींनी टोपी काढली आणि पुढची बाजू देवीदासजींच्या नाकासमोर धरली. उड्या मारणाऱ्या माशाखाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं: 'रोख नको, फक्त मजा!'

"पाकीट आनलं होतं बापू," नत्थुजी खिसा थोपटत म्हणाले. "पन तूच डोक्शावर लिहून देल्लं, तं तुहा शब्द कसा मोडू?"

मग टोपी पुन्हा नीट बसवून ते दुसऱ्यांदा पंगतीला गेले.