भावेशची फोर-बाय-फोर आणि शेवटचा नाला

"ज्याना जोडे फोर-बाय-फोर शे, त्याले रस्ता लागतच नही!"

हे वाक्य भावेश पाटलाने त्या आठवड्यात कुणाकुणाला ऐकवलं याची गणतीच नाही. पुरुषोत्तमनगरला कारखान्याच्या काट्यावर उसाची ट्रॅक्टरं घेऊन ताटकळलेल्यांना ऐकवलं, केळी कापायला आलेल्यांना ऐकवलं, न्हाव्याला तर वस्तरा गळ्यावर असताना ऐकवलं! न्हावी बिचारा "हो भाऊ" म्हणाला. त्याला दुसरं काही म्हणायची सोयच नव्हती, गिऱ्हाईक हलत होतं.

गाडी म्हणजे नुकतीच घेतलेली जुनी डबल केबिनची पिकअप. रंग लष्करी हिरवा, चाकं छातीएवढी, पुढे चार दिवे. आधीच्या मालकाने ती का विकली हे विचारायचं भावेशला सुचलं नाही. त्याऐवजी त्याने तंबू घेतला, घडीच्या खुर्च्या घेतल्या आणि मोबाईलवर 'नवशिक्यांसाठी सोपे जंगलरस्ते' नावाचा व्हिडिओ पाहिला. त्यात एक टोपीवाला माणूस तीन नियम सांगत होता. एकट्या गाडीने जाऊ नका. नाला लागला तर आधी खाली उतरून पायी पाहा. वाळू लागली तर चाकांची हवा कमी करा. भावेशने तो व्हिडिओ दुप्पट वेगाने पाहिला, त्यामुळे त्याच्या लक्षात तिसरा नियम तेवढा राहिला.

"सातपुड्यात जाऊ," तो बायकोला म्हणाला. "जंगलरस्ता, तंबू, मोकळी हवा! खापरच्या वरच्या अंगाला नकाशात एक मस्त वाट दाखवी ऱ्हायना."

नूतन भाकरी थापत होती. ती थापायची थांबली. "तथा आमशादादानं गाव नही का?"

"छे! त्यानं गाव पार तिकडे!" भावेशने हात केला तो उत्तरेला, की पूर्वेला, की गोठ्याकडे, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. आमशाच्या गावाला तो जन्मात कधी गेला नव्हता.

आता हा आमशा कोण, ते सांगायला हवं. आमशा म्हणजे भावेशच्या घरचा सालदार. थोडीथोडकी नव्हे, वीस वर्षं त्याने यांच्या शेतात काढली. भावेशला खांद्यावर बसवून तापीत पोहायला त्याने नेलं, ट्रॅक्टर चालवायला त्यानेच शिकवलं, आणि पहिल्याच दिवशी भावेशने ट्रॅक्टर पपईच्या वाफ्यात घातला तेव्हा "माझ्याच हातून गेला आप्पा" असं सांगून शिव्याही त्यानेच खाल्ल्या. पाठ दुखायला लागली तेव्हा तो कायमचा डोंगरात, आपल्या टेंबरपाड्याला परत गेला. जाताना एवढंच म्हणाला, "भाऊ, एकदाव मन्हा घर या." वीस वर्षं तो हेच म्हणत होता. आणि भावेश वीस वर्षं म्हणत होता, "येतो रे दादा, पण तुमच्याकडे रस्ता कुठे आहे?"

मग गेल्या वैशाखात आमशाच्या जागृतीचं लग्न निघालं. आप्पांचे, म्हणजे भावेशच्या वडिलांचे, गुडघे गेलेले. त्यांनी स्वतः शहाद्याला जाऊन नऊवार साडी, पितळी घागर असा आहेर आणला, पिशवी भावेशच्या हातात दिली आणि बजावलं, "मन्हा जागावर तू जाय. काई बी हो, जाय."

तेव्हा पिकअप नव्हती, भावेश साधी कार घेऊन निघाला. शहाद्याला मित्राच्या घरापर्यंत पोचला. तिथे एसी होता आणि मॅच होती. दुपारी आमशाचा फोन आला. त्यांच्याकडे टेकडीवर चढल्याशिवाय रेंज येत नाही, म्हणजे मुलीच्या लग्नात मांडव सोडून बाप टेकडी चढला होता! "भाऊ, कोठे शेतस?" भावेशने टीव्हीचा आवाज बारीक केला आणि घसा कोरडा करून म्हणाला, "काय सांगू दादा, शेवटच्या नाल्यात गाडी फसली! आता मागे फिरतो!" आमशा काहीतरी सांगायला लागला तेवढ्यात फोन कटला. भावेशने देवाचे आभार मानले आणि टीव्हीचा आवाज मोठा केला.

घरी येऊन त्याने आप्पांनाही तोच नाला सांगितला. आप्पांनी विश्वास ठेवला. नूतनने गाडी पाहिली. गाडीवर धुळीचा कण नव्हता! आहेराची पिशवी तिने कपाटात ठेवली. पण तेव्हापासून कपाट उघडलं की भावेश तोंड फिरवायचा. आमशाला फोन करायचं त्याने रोज ठरवलं आणि रोज टाळलं. आमशाचाही फोन आला नाही. आपण मोठ्ठी चूक केली आहे हे भावेशला पुरतं कळत होतं. फक्त ती सुधारायला आमशाच्या डोळ्यांत पाहावं लागणार होतं, आणि त्यासाठी लागणारी हिंमत पिकअपच्या सामानात मिळत नव्हती.

पौषातल्या एका सकाळी दोघं निघाले. तळोदा, अक्कलकुवा, खापर. खापरला बाजार होता, चहा झाला, डांबरी संपली. पुढे लाल मातीची वाट सागाच्या झाडीतून वर चढायला लागली. भावेशने गाडीचा तो दुसरा दांडा ओढला, गाडीने कण्हून होकार दिला. "चारी चाकं लागली!" तो ओरडला. त्याच वेळी समोरून एक म्हातारी डोक्यावर आमचुराची पाटी घेऊन याच वाटेने चपलांशिवाय उतरत होती. तिने गाडीला बाजू दिली आणि हसली.

चार टेकड्या झाल्या, तीन नाले झाले. मग एक रुंद नाला आला. पाणी नव्हतं, नुसती वाळू. आणि त्या वाळूवरून, या काठापासून त्या काठापर्यंत, दगडांची सुरेख फरसबंदी! मोठे दगड खाली, लहान फटीत, वर मुरूम चोपलेला. बरोब्बर एका गाडीच्या रुंदीची.

"वा!" नूतन म्हणाली. "कितला कष्ट घेतात कोनी! चला."

"ह्याच्यावरून?" भावेशने नाक मुरडलं. "ह्याच्यावरून तर आप्पा स्कूटर नेतील! हा ऑफरोड नही. तू खाली उतर, मोबाईल धर. मी बाजूने वाळूतून काढतो. व्हिडिओ असा येईल ना!"

"अहो, रस्ता शे ना बाजूले!"

"रस्त्यावरून काय कोणी पण जाईल!"

नूतन उतरली. तिने मोबाईल धरला. भावेशने काच खाली केली, कोपर बाहेर काढलं, "नमस्कार मंडळी!" म्हणाला आणि फरसबंदीला डावीकडे टाकून गाडी वाळूत घातली.

गाडी अंदाजे बारा हात गेली. तेरावा हात ती खाली गेली.

भावेशने ॲक्सिलरेटर दाबला. मागच्या चाकांनी वाळूचा फवारा उडवला तो नूतनच्या अंगावर. अजून दाबला, गाडी दारापर्यंत बसली. मग त्याला तिसरा नियम आठवला आणि त्याचा चेहरा उजळला. "हवा! हवा कमी करायची!" वाळूत पालथा पडून त्याने चारही चाकांची हवा फुस्सकन सोडली. कमी करायची होती, हे खरं. पण किती कमी ते व्हिडिओत फार भरभर येऊन गेलं होतं. चारही चाकं पार चपटी झाली.

"आते?" नूतनने विचारलं.

"आता थोडं पुढे घ्यायचं आणि मग पंपाने भरायची."

"पंप कोठे शे?"

भावेशने मागचं सामान उपसलं. तंबू निघाला. खुर्च्या निघाल्या. कोळशाची शेगडी, दोन टॉर्च, डासांची अगरबत्ती, आणि सगळ्यात खाली आहेराची पिशवी निघाली! "ही कोणी ठेवली?" "मी," नूतन म्हणाली. "पंप तुम्ही ठेवनार व्हतात." पंप गोठ्याच्या दारात होता.

एवढ्यात पलीकडच्या काठावर माणसं दिसायला लागली. फवाऱ्याचा आवाज वरपर्यंत गेला असावा. दहा-पंधरा जण, त्यांच्यामागे बैलजोडी, आणि बैलांच्या पुढे डोक्याला पंचा बांधलेला एक उंच माणूस. तो काठावर थबकला, कपाळावर हात धरून पाहिलं आणि ओरडला,

"भाऊ? भाऊ शे का?"

भावेश वाळूत गुडघ्यावर होता. तसाच राहिला. वीस वर्षं ज्या गावाला गेला नाही, त्याच्या वेशीत तो स्वतःच्या हौसेने येऊन रुतला होता.

आमशा धावत खाली उतरला. पाठीचं दुखणं विसरून धावला. "उनात! भाऊ उनात! वहिनी बी उन्यात!" भाऊ आले, वहिनी आल्या, हेच त्याने वर वळून पाड्याच्या बोलीत सांगितलं आणि सगळी माणसं हसून हात हलवायला लागली.

"हो ना दादा," भावेश म्हणाला. "तुझ्याकडेच निघालो होतो." खोटं बोलायची जिभेला सवय असली की ती मालकाला विचारत नाही. नूतनने आहेराची पिशवी पुढे केली, त्यामुळे त्या खोट्याला पुरावाही मिळाला!

आमशाने चपटी चाकं पाहिली, वाळू पाहिली, मग दोन हातांवरची फरसबंदी पाहिली. हे बाजूने का आले, त्याला काही उमजेना. "पन भाऊ, तुम्ही दगडवरथीन काबर नही उनात?"

भावेश अंगावरची वाळू झटकायला लागला.

वाहरू नावाचा एक तगडा गडी पुढे आला. फरसबंदीवर उड्या मारून पाहिल्या आणि काळजीने आमशाला काही विचारलं. आमशाने ते सांगितलं, "वाहरू म्हनस, भाऊले दगड कच्चा वाटनात का? आखो टाकूत का?"

"म्हणजे? हे तुम्ही टाकलेत?"

"मंग! लाहा करी ना." आमशाने अभिमानाने त्या पंधरा जणांकडे हात केला. लाहा म्हणजे पाड्याचं एकमेकांसाठीचं काम. आज याचं घर शाकारायचं, उद्या त्याचं शेत, मजुरी कुणी कुणाला द्यायची नाही, ज्याचं काम त्याने जेवण घालायचं. "तुम्ही फोनवर सांगं ना, शेवटला नालामा गाडी फसनी. मी पाडाले सांगं, आपला नाला खराब म्हनीसन मन्हा भाऊ वापस गया. पाऊस सरना नि समदा उनात. आठ दिन दगड टाकात. भाऊनी गाडीसाठे."

नूतनने पदर तोंडाला लावला. हसू दाबायला की आणखी कशाला, हे भावेशला पाहवेना. त्याला वाटलं, गाडीबरोबर आपणही दारापर्यंत बसलो असतो तर बरं झालं असतं. माणसाच्या तोंडून काय काय खोटं निघतं! त्याने एक वाक्य टाकलं होतं, आणि त्याच्यावर पंधरा माणसांनी आठ दिवस दगड वाहिले होते. आणि तो आज त्या दगडांना नाक मुरडून बाजूने गेला होता!

बैलांनी गाडी काढली. वाहरूने मोटारसायकलचा पंप आणला आणि त्या छातीएवढ्या चाकांत पाड्याने पाळीपाळीने हवा भरली. हाही लाहाच झाला, फक्त जेवणही त्यांचंच. मग पिकअप फरसबंदीवरून गेली. एक धक्का बसला नाही.

आमशाच्या अंगणात नूतनने जागृतीला साडी दिली. ती माहेरी आली होती, आठ महिन्यांनी आलेला आहेर तिने डोळ्यांना लावला. ज्वारीची भाकरी, उडदाची डाळ, कोंबडीचा रस्सा आला. भावेशसाठी घरातून खास प्लॅस्टिकची लाल खुर्ची आणली गेली. तो बसला आणि समोरच्या कुडावर त्याला फोटो दिसला. जागृतीच्या लग्नाचा. नवरानवरी, आई, मामे, पाव्हणे, सगळे. मधोमध हीच लाल खुर्ची, रिकामी.

"दादा, ह्या फोटोत तू नाहीस?"

"मी नही ना," आमशा सहज म्हणाला. "फोटोवाला घाई करी ऱ्हायंता. ती खुर्ची तुमनी. नि मी नालामा. तुमले फोनवर सांगं ना, थांबा, बैल लेई येस. तवढामा फोन कटना."

भावेशने तोंडाकडे नेलेला घास परत ताटात ठेवला. "तू... बैल घेऊन गेला होतास? लग्न सोडून?"

"तीन तास बठनू तठे."

भावेशने ताट खाली ठेवलं. पहिल्यांदाच त्याने आमशाच्या डोळ्यांत पाहिलं. "दादा, मी आलोच नव्हतो रे. शहाद्याला मॅच पाहत होतो. आणि आजसुद्धा तुझ्याकडे नव्हतो येत. चुकलो मी. फार चुकलो."

"माहीत शे," आमशा म्हणाला. "वाळूवर चाकना निशान बी नव्हता, भाऊ. माले वाळू वाचता येस."

"माहीत होतं? मग हे दगड?"

आमशाने त्याच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. "म्हनीसन त टाकात. म्हनं, पुढला टाईमले भाऊले दुसरं कारन शोधनं पडी!"

सगळं अंगण खो खो हसलं. वाहरू तर कुडाला टेकून हसला. भावेशही हसला, पण डोळे पुसत. त्यापेक्षा आमशाने दोन शिव्या दिल्या असत्या तर त्याला भाकरी गोड लागली असती. नूतन म्हणाली, चला, आता तरी दादांचा फोटो काढू. आमशा लाल खुर्चीच्या शेजारी उभा राहिला, भावेशने त्याला धरून खुर्चीत बसवलं आणि स्वतः जागृतीच्या बाजूला उभा राहिला. नूतनने मोबाईल उचलला. मोबाईल म्हणाला, जागा नाही. आतमध्ये "नमस्कार मंडळी"पासून पुढचा पाऊण तासाचा व्हिडिओ भरलेला होता, ती बंद करायला विसरली होती.

"डिलीट कर," भावेश म्हणाला. त्या गाडीपायी त्याने उच्चारलेला हा पहिला शहाणा शब्द.

संध्याकाळी ते घरी पोचले. आप्पा ओट्यावर बसले होते. फोटो पाहून त्यांचे डोळे भरून आले. आमशाची तब्येत विचारली, जागृतीचं सासर विचारलं. मग गुडघे चोळत त्यांनी विचारलं,

"नि रस्ता कशा शे तठे?"

"एक नंबर आप्पा!" भावेश भरात बोलून गेला. "नाल्यात दगड टाकलेत त्यांनी. पण ते पावसाळ्यानंतर. वैशाखात तर नाला नुसता कोरडा, आमशा बैलजोडी घेऊन तीन तास माझी वाट..."

तो थांबला. आप्पा त्याच्याकडे पाहत होते.

"मंग लगीनले काबर नही गया?"

भावेश म्हणाला, पंप कुठे राहिला ते पाहून येतो. पंप गोठ्याच्या दारातच पडला होता, पण तो सापडायला त्याला बराच वेळ लागला.