तोंडवळकरांची पडवी

मरोळच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं स्टोअरकीपर म्हणून काढलेल्या जयवंतराव तोंडवळकरांनी रविवारी सकाळी ठरवलं, की घरातल्या वायफायच्या तिन्ही डब्यांना आज नावं द्यायची. केबलवाल्या दशरथने ते नुसते 'वन', 'टू', 'थ्री' करून सोडले होते. ही काय पद्धत झाली? वस्तू म्हटली की तिला नाव हवं! गावच्या घराला स्मरून त्यांनी हॉलमधल्या डब्याला 'माजघर', बेडरूममधल्याला 'कोठी' आणि गॅलरीतल्याला 'पडवी' असं नाव सेटिंगमध्ये दिलं. वर चिठ्ठ्याही चिकटवल्या.

घाई होती, कारण संध्याकाळी सहाला सोसायटीची वार्षिक सभा होती, तीही ऑनलाइन. (खालच्या हॉलचं प्लास्टर पडलं होतं. सेक्रेटरीच्या कारभाराचा याहून मोठा पुरावा कुणाला हवा?) सेक्रेटरी म्हणजे भिंतीपलीकडचे शरच्चंद्र पाटकर. अकरा वर्षं बिनविरोध! मुलुंडसारख्या सुशिक्षित वस्तीत हे चालतंच कसं? आज जयवंतराव त्यांच्याविरुद्ध उभे राहणार होते. नाव पुकारलं की 'हो, मी उभा आहे' एवढंच म्हणायचं. पण ते म्हणायला नेट हवं, आणि नेट साडेचारपासून लंगडत होतं. (मोबाइलवरून सभेला बसणं म्हणजे खिडकीतून भांडणं, असं त्यांचं मत होतं.)

"मालन, माझे डबे कुणी हलवले?"

"मला माझे डबे पुरेत," स्वयंपाकघरातून बायको म्हणाली.

जयवंतराव लॅपटॉप नैवेद्याच्या ताटासारखा दोन्ही हातांवर घेऊन घरभर फिरले. स्वयंपाकघरात, म्हणजे गॅलरीपासून सगळ्यात लांब, 'पडवी'ची रेंज फुल! पडवी इथे कशी? चिठ्ठ्या नक्की उलटसुलट लागल्या. त्यांनी गॅलरीतल्या डब्याचं बटण बंद केलं. पडवी फुल. बेडरूममधला बंद केला. पडवी फुल. शेवटी हॉलमधलाही बंद केला. पडवी हलायला तयार नाही!

"अहो, तिन्ही बंद? मग हे चालतंय कशावर?"

"तेच विचारतो ना त्या दशरथला!"

दशरथने फोन उचलला. "बोला काका. नेट चालत नाही का?"

"फर्स्ट क्लास चालतंय!"

"मग कम्प्लेंट काय?"

"डबे बंद असताना का चालतंय, ही कम्प्लेंट आहे!"

"काका, चालू असताना ज्यांचं बंद पडतं ना, त्यांच्याकडे आधी जाऊन येतो." फोन कट.

जयवंतरावांचा पारा चढला. बंद ठेवल्यावर चालणारी यंत्रं विकायची आणि लोकांना ती चालू ठेवायला लावायची! या लबाडीचा समाचार उद्या घेऊ, असं ठरवून त्यांनी डबे बंदच ठेवले आणि मिक्सर सरकवून ओट्याशी बैठक मारली.

सहाला सभा सुरू झाली. अध्यक्षा सुहासिनीबाईंनी नमस्कार म्हणेपर्यंत जयवंतराव गरजले, "अकरा वर्षं! या पाटकरांनी अकरा वर्षांत माझ्या घराला काय दिलं? मी सांगतो काय दि..."

पडदा गोठला. मिनिटभराने ते परत आले. "...काहीही दिलेलं नाही! फुकटची खुर्ची..."

पुन्हा गेले. पुन्हा आले. तिसऱ्यांदा आले तेव्हा पाटकरांच्या चौकोनात त्यांची मुलगी अपूर्वा डोकावत होती. "पप्पा, गंमत बघ ना. नेट स्लो झालं म्हणून मी आपला वायफाय बंद-चालू करतेय, तर दर वेळी तोंडवळकर काकाच जातात!"

"कुठला गं?"

"स्वयंपाकघरातला. 'पडवी'."

पाटकर सावकाश म्हणाले, "जयवंतराव, गावी आम्हालाही पडवी आहे हो. आणि दशरथ अख्ख्या बिल्डिंगला पासवर्ड एकच लावतो, एक ते आठ. नाव तेच, पासवर्ड तोच. लॅपटॉपला बिचाऱ्याला काय कळणार कुणाची पडवी ते?"

सदतीस चौकोनांतून हसू फुटलं. कुणीतरी माइक बंद न करता "वाट लागली!" म्हणालं.

"अपूर्वा, आता हात लावू नकोस," पाटकर म्हणाले. "काकांना बोलू दे. माझ्याबद्दलच बोलतायत."

"मला तुमचं नेट नको!" जयवंतराव ओरडले आणि त्यांनी पाटकरांची पडवी लॅपटॉपवरून तोडून टाकली. मग धावत जाऊन स्वतःचे तिन्ही डबे लावले. लाल दिवा लागला. मग नारिंगी. मग पुन्हा लाल.

"अहो, आधी उभं राहायचं होतं, मग चिडायचं होतं," मालन म्हणाली.

"तत्त्वाचा प्रश्न आहे!" ते दिव्याकडे डोळे वटारत म्हणाले.

दिवा हिरवा व्हायला नऊ मिनिटं लागली. तोवर सभा संपली होती.

दुसऱ्या दिवशी खालच्या बोर्डावर सभेचा वृत्तांत लागला. त्यात जयवंतरावांच्या वाट्याला अडीच ओळी आल्या होत्या: 'श्री. तोंडवळकर यांनी सेक्रेटरींच्या सौजन्याने सेक्रेटरींवर टीका केली. त्यानंतर ते स्वतःच्या नेटवर गेल्यामुळे त्यांना अनुपस्थित धरण्यात आले. सेक्रेटरींची निवड बिनविरोध.'