पालखीचा डावा खांदा

रेवदंड्याच्या तुळशीरामाची कंबर सहा वर्षं दुखत होती, आणि ते सगळ्या आळीला तोंडपाठ होतं. (बाप्याचं दुखणं घरात मावत नाही. बाईचं डब्यात झाकून राहतं.) विहिरीचं पाणी बायको, कमळच ओढायची, त्याचं त्याला काही नव्हतं. त्याला खुपायचं ते वेगळंच. गावदेवीच्या पालखीचा पुढचा डावा खांदा त्याच्या घरातल्या थोरल्याचा. गेल्या चैत्रात तो पुतण्याला, विनेशला, द्यावा लागला. यंदा परत घ्यायचाच, असं ठरवून स्वारी अलिबागला व्यायाम शिकवणाऱ्या साक्षी मॅडमकडे गेली.

पोर हुशार. चार व्यायाम देऊन म्हणाली, "काका, कळ आली की घाबरायचं नाही. डोळे मिटा, श्वास हळूहळू सोडा, म्हणा, 'दुखतंय, पण मोडत नाही.' आणि मनातलं पोटात ठेवू नका. बोला."

घरी येताच तुळशीराम बोलला, "कमळ, तुझी आमटी खारट होते. मला वाईट वाटतं."

"व्हय? मंग आता माझंबी ऐका." कांद्याची वेणी बाजूला सारून कमळ बसली. पस्तीस वर्षांचं साचलेलं, जेवणवेळ टळली तरी संपेना. (तिचा गुडघा त्या दिवसापासून बरा आहे.)

पण गडी नेटाचा. तीन महिने ओटीवर पाय वर करून पडला, आणि चैत्रात खांदा मिळवलाच.

पालखी नाचायला लागली आणि देवळासमोर कळ आली. तुळशीरामाने डोळे मिटले, लांब श्वास सोडला, पुटपुटला, "दुखतंय... पण मोडत नाही..."

"काकांच्या अंगात आली!" विनेश ओरडला.

ढोल दणाणले. खांदा काढून घेऊन त्याला पाटावर उभं केलं. एक म्हातारी पायांवर पडली, "आये, पोरगा माझ्याशी बोलत न्हाय."

तुळशीरामाला दुसरं काय सुचणार? "पोटात ठेवू नका. बोला."

गर्दी गहिवरली. मग कमळ आली, कुंकू लावलं आणि डोळ्याला डोळा भिडवून म्हणाली, "आये, आमच्या घरचं पानी कोनी भरायचं?"

सारं गाव ऐकत होतं.

"...ह्यानं," देवी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी गावकीने ठरवलं: ज्याच्या अंगात देवी येते त्याने खांदा द्यायचा नाही, पालखीपुढे चालायचं. डावा खांदा कायमचा विनेशचा.

"अगं, देवी नव्हती, कंबर होती! सांगतोच जाऊन!"

"सांगा की. देवीच्या नावानं सोंग केलं म्हनून."

तुळशीराम विहिरीच्या काठावर बसला. "मला वाईट वाटतं, कमळ."

"वाटनारच," ती मायेने म्हणाली. "डोळे मिटा, श्वास सोडा. पन आदी हंडा भरा."