मौजे शिरड शहापूर येथे ऑर्किडास फूल आणिले त्याची हकीकत

श्रीनागनाथ प्रसन्न. शेळ्यांचे धनी राजमान्य राजश्री नामाजीराव यांचे कुटुंब, अखंडितलक्ष्मी सत्यभामाबाईसाहेब, यांणी ऑर्किड नामे हट्टी रोपावर मोहीम केली, ती जैसी घडली तैसी लिहितो. पदरचे तिखटमीठ घालीत नाही. घातलेच तर चिमूटभर.

लेक साधनाबाई पुण्यास नोकरीवर रुजू जाली आणि दिवाळीस हे रोप घेऊन आली, आणि जातेसमयी वचन दिल्हे की, यास फूल आले म्हणजे रजा काढून येईन. मग बाईसाहेबांस दुसरा ध्यास राहिला नाही. थंडी पडताच रोप घरात घेतले, आणि शेळीची पिले झाकावयाचे डालगे त्यावर पालथे घातले, आणि वरून घोंगडे. पाने माजली, फुलाचा मागमूस नाही. वर्ष गेले, दुसरी दिवाळी गेली, लेकीस रजा मिळेना. बाईसाहेबांचा जीव तुटे. तशात नामाजीरावांचे फर्मान सुटले की, "लेकरू हाय का ते झाकून ठेवायला? औंदा फुललं न्हाई तर शेळीम्होरं टाकतो."

मग पौषमासी, ऐन कडाक्यात, शेळी व्याली. एक ना दोन, तीन पिले. डालगे एकच. बाईसाहेबांनी छातीवर दगड ठेविला, डालगे-घोंगडे पिलांस बहाल केले, आणि रोप ओसरीवर उघडे ठेवून डोळ्यांस पदर लाविला. तीन आठवडे गारठ्याने मारा केला. आणि एके सकाळी पानांच्या बेचक्यातून फुलाचा दांडा निघाला! आता गंमत ऐका: हा वाण रात्रीच्या गारव्यावाचून दांडा धरीतच नाही. बाईसाहेबांनी ऊब देऊन देऊन त्यास अडवून धरिले होते, ते तीन पिलांनी मोकळे केले.

चैत्रात फूल उमलले. फोटो पुण्यास रवाना जाला, आणि चौथे दिवशी दुपारचे एस्टीने साधनाबाईंची स्वारी दाखल जाली. बाईसाहेबांनी भाकरतुकडा ओवाळून टाकिला, हात पुसले, आणि ते एकुलते फूल खुडून लेकीच्या वेणीत खोविले. नामाजीराव "आरं आरं" म्हणतच राहिले.

साधनाबाई बोलिली, "आई, तोडलं काहून? झाडावर दोन महिने टिकलं असतं ते."

बाईसाहेबांचा जबाब ऐसा की, "झाडावर टिकून मला काय करायचं व्हतं, बाई?"

येणेप्रमाणे फत्ते जाली. लेक आठ दिवस राहिली.