खालच्या घोड्याची बंदूक

मार्विन तुस्कानोला बंदूक मिळाली ती मान हलवल्यामुळे.

दोहातल्या एका कंपनीत तो बारा वर्षं स्टोअरकीपर होता. मालक जासिम साहेब काहीही बोलले की पूर्ण कळायच्या आत 'येस सर' म्हणून मान हलवायची, हा त्याचा शिरस्ता. दोन हजार तीन सालच्या जानेवारीत चहाच्या वेळी साहेबांनी विचारलं, "मार्विन, तुम्हारा गाँव में शिकार है?" मार्विनने मान हलवली. (वसईत त्याने मारलेला सर्वांत मोठा प्राणी म्हणजे झुरळ, आणि तेही जॅनेटने आधी अर्धमेलं करून दिलेलं.)

तिसऱ्याच दिवशी साहेबांनी त्याच्यासमोर एक लांबुडकी लाकडी पेटी ठेवली. आत बंदूक! रास लफानच्या गॅस प्रकल्पातला एक अमेरिकन इंजिनियर देश सोडून जाताना ती साहेबांना भेट देऊन गेला होता. साहेबांकडे मोठ्या बंदुका पुष्कळ. ही अगदीच सडपातळ, गोळी वाटाण्याएवढी.

"ये छोटा है. तुम भी छोटा है. खलास, तुम्हारा!" साहेब म्हणाले. सोबत अरबीत लिहिलेला, शिक्का मारलेला कागद दिला. "घर में तेल लगाओ. बारूद मेरे मजरे पे है. फ्रायडे को रुवैस आओ, सब मेहमान तुम्हारा निशाना देखेगा." (मजरा म्हणजे साहेबांचा रुवैसचा मळा.)

मार्विनने मान हलवली.

कंपनीची गाडी चालवणारा धोंडीराम बीडकडचा. पेटी उघडताच त्याचे डोळे लकाकले. "साहेब, ही तर ठासणीची! आमच्या चुलत्याकडं हुती, रानडुकरं हाकलायला. नळीच्या तोंडातनं सगळं भरायचं." मग त्याने बंदूक उलटीसुलटी केली आणि गोंधळला. "पण हिचा घोडा कुठाय?"

घोडा म्हणजे दारू पेटवणाऱ्या तांब्याच्या टोपीवर आपटून बार उडवणारा तो लोखंडी तुकडा. तो सगळ्या बंदुकांना वर किंवा बाजूला असतो. हिचा होता खाली, चापाच्या पुढे, पोटाला चिकटलेला.

घरी आल्यावर मुलगी एस्थरनेही तेच विचारलं. "डॅडी, व्हाय इज द घोडा अंडर द गन?"

"थंडावा असतो तिथे," मार्विन म्हणाला.

जॅनेट इस्पितळात नर्स. ड्यूटीवरून नुकती आली होती, गणवेशही उतरवला नव्हता. तिने पेटीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"तुला होळीची पिचकारीसुद्धा धरता येत नाही. नाही म्हणता आलं नाही?"

"साहेबांना?"

"मग शुक्रवारी तिथं काय करणार?"

"मान हलवून चालणार नाही बहुतेक," मार्विन म्हणाला. त्याच्या व्हिसावर साहेबांची सही. जॅनेट आणि एस्थर इथे राहत होत्या त्या त्याच्या व्हिसावर. मेहमानांसमोर साहेबांची फजिती झाली तर तिघांनी वसईची वाट धरायची.

तेव्हापासून मार्विन एका जागी बसेना. पेटी पलंगाखाली ठेवली. तिथून पडद्यामागे. मग ख्रिसमसच्या ताऱ्याच्या खोक्यात. दारावरची बेल वाजली की तो पेटी उचलून सगळ्या घरभर फिरे आणि पुन्हा तिथेच ठेवे. साहेबांचा कागद त्याने शर्टाच्या खिशात ठेवला होता. आंघोळीला जातानाही तो साबणाच्या कपाटावर सोबत असे. कागदावर नक्की काय लिहिलंय हे त्याला वाचता येत नव्हतं, आणि कुणाला विचारायची छाती नव्हती.

मंगळवारी संध्याकाळी त्याने धोंडीरामला फोन लावला. दोहाच्या अल नस्र भागातल्या त्यांच्या इमारतीच्या भिंती पातळ, दार उघडं, आणि दारात समोरच्या फ्लॅटमधल्या सेलीन आंटी वाडगा परत द्यायला उभ्या. या आंटी प्रार्थना मंडळाच्या प्रमुख. त्यांना ऐकू आलं ते एवढंच:

"धोंडीराम, आधी दारू ना?... नाही रे, घरी नाही, साहेबांच्या मळ्यावर भरपूर आहे... एका वेळी किती?... बायकोला सांगितलंय, ती चिडलीय... नाही, सवय नाही, पहिल्यांदाच!"

वाडगा न देताच आंटी परतल्या.

बुधवारी सातच्या ठोक्याला त्या मंडळातल्या दोन बायकांना घेऊन हजर झाल्या. तिघींच्या हातात जपमाळा. मार्विनला मधल्या खुर्चीत बसवलं.

"मार्विन, लपवू नको. आम्हाला सगळं कळलंय."

मार्विनचा हात खिशातल्या कागदावर गेला. "आंटी, शप्पत, माझ्याकडे साहेबांची चिठ्ठी आहे."

"चिठ्ठीने पाप धुतलं जात नाही. किती घेणार आहेस?"

"काय?"

"दारू!"

"अच्छा, ती! दोन चिमूट. धोंडीराम म्हणतो, जास्त झाली की खांदा निखळतो."

आंटींनी डोळे मिटले. "आणि सोबत?"

"चिंधी."

"चिंधी?"

"तूप लावून. घट्ट ठासायची, म्हणजे आतलं बाहेर येत नाही."

बाकीच्या दोघींपैकी एकीने उठून पंखा वाढवला. स्वयंपाकघरात जॅनेट तोंडात नॅपकिन कोंबून ओट्याला टेकली होती. शेवटी तिलाच दया आली. तिने ख्रिसमसचा खोका बाहेर आणून उघडून दाखवला. बंदूक पाहून आंटींचा जीव भांड्यात पडायला हवा होता. पण त्या म्हणाल्या, "म्हणजे दारू पिऊन वर बंदूकही?" आणि शुक्रवारी नजर ठेवायला आपण येणार, असं जाहीर केलं.

शुक्रवार तिथला सुट्टीचा वार; सकाळची मिस्सा, म्हणजे सामूहिक प्रार्थना, झाल्यावर धोंडीरामने गाडी काढली. मार्विन वाटेत तीनदा गाडी थांबवून उतरला. (एकदाही गरज नव्हती, नुसतं बसवत नव्हतं.)

रुवैसच्या मळ्यावर गालिचे अंथरलेले. सात-आठ म्हातारे कॉफीचे पेले घेऊन बसलेले, मधोमध भात-मटणाची परात. बायकांचा तंबू बाजूला, जाळीच्या पडद्याआड. जॅनेट आणि आंटींना तिकडे बोलावलं, पण आंटी पडद्याच्या कडेलाच उभ्या राहिल्या. चाळीस पावलांवर तुपाचा रिकामा डबा ठेवला होता.

"यल्ला, शिकारी!" साहेब म्हणाले.

मार्विनने दारूची शिंगाची डबी हातात घेतली. तेवढ्यात आंटी ओरडल्या, "मार्विन, दारूला हात लावू नको!" तो दचकला. डबी खाली ठेवली, चिंधी घेतली, चिंधीवर गोळी, आणि गजाने ठासली थेट तळापर्यंत. नळीखालच्या पोकळ खुंटीवर तांब्याची टोपी बसवली. घोडा खाली असल्यामुळे टोपी वाळूत पडली. दुसरी बसवली, तीही पडली. तिसरी त्याने चिमटून बसवली, नेम धरला आणि चाप ओढला.

टक्.

एवढंच. एका म्हाताऱ्याने कानात घातलेलं बोट काढलं.

"साहेब," धोंडीराम कुजबुजला, "दारू कुठं भरलीत?"

गोळी आत, दारू बाहेर. धोंडीरामने खुंटी पिळून काढली, तिच्या जागच्या भोकातून दारूचे दाणे हळूहळू आत सोडले आणि खुंटी बसवली. "आता गोळी गजानं घट्ट दाबा, अन् गज काढा."

मार्विनने गज आत घालून दाबला. पडद्याकडून आंटींचा आवाज आला, "चिमूटभरच हं!"

"हो आंटी!" म्हणून मार्विनने नवी टोपी चिमटून बसवली आणि चाप ओढला.

या वेळी धडाम् झालं. निळसर धुराचा ढग उठला. ढग विरला तेव्हा तुपाचा डबा जागेवर ठणठणीत उभा होता, आणि हातभर लांबीचा गज गालिच्याच्या पुढच्या कडेला ठेवलेल्या पाण्याच्या प्लॅस्टिक टाकीत घुसून थरथरत होता. मग तो निसटून खाली पडला. टाकीतून धार सुटली ती अचूक परातीत. (दिवसभरात नेमकी लागलेली ती एकच गोष्ट.)

मार्विनला वसईचं विमान दिसू लागलं.

पडदा सारून जॅनेट बाहेर आली. धारेवर अंगठा दाबला आणि म्हणाली, "धोंडीराम, चिंधी." तुपाची चिंधी तिने जखमेत बोळा भरावा तशी टाकीच्या भोकात ठासली. धार थांबली. मग हात पुसून मार्विनजवळ आली.

"दे इकडे."

"जॅनेट, तुला—"

"रोज चाळीस सुया टोचते मी. दे."

तिने दारू मोजली, चिंधी, गोळी, गज, आणि गज काढून वाळूत उभा रोवला. टोपी बसवली. श्वास रोखला. धडाम्! डबा उडाला. दुसऱ्यांदा भरली. पुन्हा उडाला. जाळीआडून टाळ्या आल्या. साहेबांची बायको हजरा सगळ्यांत जोरात वाजवत होती.

"माशाल्ला!" साहेब उठले. त्यांनी मार्विनच्या खिशातला कागद काढला, त्यावरचं एक नाव खोडलं आणि दुसरं लिहिलं. "मार्विन, बंदूक मॅडम का."

"आणि माझी... मेरी नौकरी, सर?"

"नौकरी ठीक. स्टोअर में गज मत रखो."

पुढच्या आठवड्यात हजराचा फोन आला. आता दर शुक्रवारी बायकांचाच नेम, मळ्यावर पुरुषांना मनाई. धोंडीरामनेही फाटकाबाहेर गाडीत बसायचं. सेलीन आंटी दारू मोजायला जातात, हिशेबाच्या भलत्याच पक्क्या. एस्थर टोप्या सांभाळते.

आज तिसरा शुक्रवार. निघताना मार्विन दारापर्यंत गेला, बूट घालूनच.

"मी फाटकाबाहेर धोंडीरामसोबत बसेन," तो म्हणाला.

"गाडीत जागा नाही. मंडळातल्या दोघी येतायत," जॅनेट म्हणाली. "शिवाय दारूची काजळी नळीत चिकटते, कढत पाण्यानेच निघते. सातला बादली तापवून ठेव."

"आणि मग?"

"मग काय? धुवायला तूच आहेस की."

मार्विनने मान हलवली.