पियानोची तार आणि एकोणपन्नास इंची मस्की

मस्की, म्हणजे आमच्या तळ्यातला दांडगा शिकारी मासा, नशिबानं मिळतो असं म्हणणाऱ्यांना लीडर निवडता येत नाही, हे मी पासष्ट वर्षांपूर्वी सांगत होते आणि आजही सांगते! लीडर म्हणजे दोरी आणि गळ यांच्यामधला फूटभर तुकडा. मस्कीचे सुईसारखे दात नेमके त्याच्यावरच पडतात.

त्या उन्हाळ्यात मी हट्टालाच पेटले होते. लुडविगच्या बारमध्ये माझ्या नणंदेची, इर्माची, सेहेचाळीस इंची मस्की पेंढा भरून टांगलेली होती. भिंतीवर जागा एकाच माशाला, गावातल्या सगळ्यात मोठ्या! इर्मा मुद्दाम तिच्याखाली बसायची आणि मला विचारायची, "काय वहिनी, यंदा तरी काही, की पुन्हा चिल्लीपिल्लीच तळणार?"

नायलॉनचा लीडर लावला, तर दोन मस्क्यांनी तो शेवयांसारखा तोडला. दुकानातली जाड तार लावली, तर गळाला आमिष म्हणून लावलेला लाकडी मासा वळवळायचं सोडून ओंडक्यासारखा चालू लागला.

"तार पोलादी हवी, पण बारीक," मी म्हणाले.

"मग पियानोची लाव!" आमचे आर्विड पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले.

ते थट्टा करत होते. पण चर्चमध्ये पियानो मीच वाजवायचे, आणि चर्चची किल्लीही माझ्याकडेच असायची!

बेत सोपा होता. अगदी वरच्या सुरांना आमची भजनं कधी शिवत नाहीत, तिथली तार घ्यायची. झाकण उघडते तर काय, वरच्या तारा बोटाएवढ्या आखूड! मी खाली सरकले. आणखी खाली सरकले. पुरेशी लांब तार सापडली ती थेट भजनांच्या मधोमध!

एका सुराला तीन तारा असतात. एक गेली तर कुणाला कळतंय? मी पक्कड लावली. पण ती एकच तार वळसा घालून दोनदा गेलेली होती, म्हणजे एका फटक्यात दोन तारा गेल्या!

बुधवारी तालमीला तो सूर आला आणि चर्चमध्ये बोकड शिरल्यासारखं वाटलं.

"उंदीर!" पाद्री हाल्व्हर्सन म्हणाले.

"उंदीर पोलाद खातो?" असं म्हणत गायकवृंदाच्या प्रमुख इर्माबाईंनी पियानोत जे डोकं खुपसलं, ते दहा मिनिटं बाहेर काढलं नाही.

शनिवारी मस्की लागली! तीनदा होडीखालून गेली.

"विल्मा, सोड! होडी उलटेल!" आर्विड किंचाळले.

"उलटू दे!"

दात करकरले, पण तार तुटली नाही. एकोणपन्नास इंच!

तशीच, तोंडात लीडर असलेली, आम्ही ती लुडविगकडे नेली. त्यानं टेप लावली, टोपी काढली आणि शिडी आणायला धावला. इर्मानं मासा पाहिलाच नाही. तिनं त्याच्या तोंडातली तार पाहिली. तारेच्या टोकाला तीन घट्ट वेटोळी होती. माझ्याच्यानं ती काही केल्या सरळ झाली नव्हती.

"वहिनी," ती माझ्या कानाशी म्हणाली, "अशी वेटोळी मी बुधवारी पाहिलीत. पियानोतल्या खुंट्यांवर. सांगू का पाद्रीबाबांना?"

"वन्सं, काय बोलताय!"

"मग माझा मासा आहे तिथेच राहील ना?"

"लुडविग!" मीच ओरडले. "शिडी ठेव परत! हा मासा उद्याच्या चर्चच्या जेवणासाठी आहे!"

पाद्रीबाबांनी तीनदा वाढून घेतला. मग उभे राहून म्हणाले, "एवढा मासा भिंतीवर न मिरवता सगळ्यांना खाऊ घातला! देव विल्माला असंच निगर्वी ठेवो!"

सगळ्यांत मोठ्यानं "आमेन" कोण म्हणालं, ते सांगायलाच नको.