दिवा नामंजूर

मुंजाजी सेक्रेटरींच्या गाडीत दिवा लागला तो केजच्या बाजारतळाजवळ. पिवळा, इंजिनाच्या आकाराचा, नखाएवढा दिवा. दुसरा एखादा माणूस असता तर तिथूनच मकसूद मिस्त्रीच्या गॅरेजकडं वळला असता. सेक्रेटरीही वळले होते. पण गॅरेजच्या दारात आश्रुबाची गाडी उभी दिसली आणि त्यांनी स्टेअरिंग गर्रकन फिरवून गाडी सरळ घरी आणली.

आश्रुबा म्हणजे सेक्रेटरींचा साडू. कडूबाई आणि कौशल्याबाई या सख्ख्या बहिणी. थोरली कडूबाई सेक्रेटरींना दिलेली, धाकटी आश्रुबाला. घरं एकमेकांना खेटून, मधे एकच भिंत. दोन वर्षांमागं सहकारी सोसायटीच्या निवडणुकीत आश्रुबा एका मतानं पडला. ते मत कुणाचं, हे अख्ख्या केजला ठाऊक होतं, आणि तेव्हापासून साडूंचं बोलणं बंद होतं. (बहिणींचं चालू होतं. ते बंद करायची छाती दोघांपैकी एकातही नव्हती.)

तरी गाड्या दोघांच्या अगदी सारख्या. पाऊस रुसला, ऊस वाळला, सहकारी कारखान्याचं धुराडं थंड झालं, तेव्हा कारखान्याच्या दोन जुन्या पांढऱ्या गाड्या लिलावात निघाल्या. आश्रुबानं एक घेतली म्हणून सेक्रेटरींनी दुसरी घेतली. आश्रुबा गावभर उलटं सांगतो, पण त्याच्यावर कोण विश्वास ठेवणार!

कडूबाईंचा गाडीवर आधीपासूनच राग होता. नळाला पंधरा-पंधरा दिवस पाणी नाही, टँकर आला की बाया कळश्या घेऊन धावतात, आणि ही गाडी रोज सकाळी बॉनेट उघडून एक कळशी पिते. शिवाय ती ज्या ओट्यावर उभी असते, तिथंच कडूबाईंना पाण्याची टाकी बसवायची होती. मोठी, काळी, झाकणाची.

"टँकरम्होरं उन्हात हुबी राहून कळशी आणायची म्या, अन् पाजायची हिला?" त्या म्हणाल्या. "आता तर दिवाबी लागला. आवसेपर्यंत ह्यो दिवा इझला तर ठिवा गाडी. न्हाई इझला तर मकसूदला इकायची अन् हितं टाकी."

"अगं, सहकारात हयात गेली माझी. कलम त्र्याऐंशीच्या चौकशीला भ्यालो न्हाई, ह्या दिव्याला भिऊ?"

"भिऊ नका. इझवा."

इथं खरं तर सेक्रेटरींनी हट्ट सोडून रात्री गुपचूप मकसूदला गाठायला हवं होतं. पण तेवढ्यात कडूबाईंनीच भिंतीपलीकडची बातमी आणली. आश्रुबाच्याही गाडीत तसलाच दिवा लागला होता, कौशल्याबाईंनीही नवऱ्याला आवसेचीच मुदत दिली होती (ही मुदत दोघींनी टँकरच्या रांगेत मिळून ठरवली होती, हे नवऱ्यांना फार उशिरा कळलं), आणि आश्रुबानं फोनवरून एक यंत्र मागवलं होतं. गाडीला लावायचं, मग फोनवर गाडीचा आजार दिसतो आणि बटण दाबलं की दिवा विझतो.

सेक्रेटरींनी त्याच घटकेला तेच यंत्र मागवलं. कुरिअरवाल्यानं दोन्ही घरांची पार्सलं एकाच दिवशी, एकाच फेरीत आणून टाकली.

यंत्र म्हणजे काडेपेटीपेक्षा थोडं मोठं निळं डबडं. सेक्रेटरींनी ते स्टेअरिंगखालच्या खाचेत बसवलं, फोन हातात घेतला, फोननं दाखवलेल्या पहिल्याच नावावर बोट ठेवलं आणि पुस्तिकेतला पासवर्ड घातला. एक-दोन-तीन-चार. फोनवर इंग्रजीत दोष उमटला. त्यातला 'टेंपरेचर' हा एकच शब्द सेक्रेटरींना कळला आणि त्यांनी दोष जागीच फेटाळला. बीड जिल्ह्यात, वैशाखात टेंपरेचर जास्त आहे, हे सांगायला यंत्र कशाला हवं? शेजारी 'क्लियर' असं बटण होतं. ते दाबून सेक्रेटरी सवयीनं गरजले, "मंजूर!"

फोननं कळवलं, दोष नाही. दिवा मात्र जसाच्या तसा.

"फोन म्हणतोय दोष न्हाई, दिवा म्हणतोय हाय," सेक्रेटरी कडूबाईंना समजावू लागले. "आता दोन कागद येगळे बोलायले की आपण आपल्या बाजूचा धरायचा."

"दिवा इझला का?"

"तांत्रिकदृष्ट्या इझला."

"मला डोळ्यांनी दिसंल असा इझवा."

मग रोजचंच झालं. सकाळी सेक्रेटरी गाडीत बसायचे, बटण दाबायचे, "मंजूर!" म्हणून ओरडायचे. पलीकडून आश्रुबा कारण नसताना "नामंजूर!" म्हणायचा (हे बोलणं धरत नसत). दिवा लागलेलाच. उलट कौशल्याबाईंकडून कळलं की आश्रुबाचं यंत्र नामी निघालं. त्यानं बटणाला हातसुद्धा लावला नव्हता. दिवा लागायचा आणि रोज सकाळी आपोआप विझायचा. आश्रुबा हे सांगत केजभर हिंडत होता. सेक्रेटरींना ते ऐकून जेवण जाईना.

अशातच एका सकाळी फोनवर भलतंच दिसलं. गाडी बंद, किल्ली खिशात आणि फोन सांगतोय इंजिन चालू!

"कडूबाई! बंद गाडीत इंजन फिरतंय!"

"मला तर आवाज येईना."

"कसा येईल? पलीकडं आश्रुबानं त्याची गाडी चालू ठिवलीय ना! तिच्या घरघरीत आपलं इंजन ऐकू येईना."

सेक्रेटरींनी पाना आणून बॅटरीची वायर सोडवली. इंजिन फिरतच होतं. त्यांनी दुसरी वायरही सोडवली. इंजिनाचा वेग वाढला! सेक्रेटरींनी अख्खी बॅटरीच उपसून काढली. मग आश्रुबाची गाडी फाटकातून बाहेर पडून वडवणीच्या रस्त्याला लागली आणि त्याच क्षणी फोन गप्प झाला.

"आली का न्हाई वठणीवर!" बॅटरी छातीशी धरून सेक्रेटरी म्हणाले.

आवस उजाडली. दोघी बहिणी भिंतीशी आल्या. आश्रुबाची गाडी पाहिली, दिवा नाही. सेक्रेटरींची पाहिली, बॅटरी परत बसवलेली आणि दिवाही परत आलेला. कडूबाई मकसूदला निरोप धाडणार, तोच कौशल्याबाई म्हणाल्या, "दाजी, एक इचारू का? तुमी मंजूर म्हणलं की आमचा दिवा कावून इझतो?"

"म्हंजी?"

"मी रोज गाडीतला पंखा लावून डाळ निवडत बसते, घरात लई गरम होतंय म्हणून. तुमी हिकडं वरडलं की तिकडं आमचा दिवा जातोय. कवाच चुकलं न्हाई."

सगळं उघड झालं. दोन्ही डबड्यांचं नाव एक, पासवर्ड एक, मधे फक्त भिंत. सेक्रेटरींचा फोन पहिल्या दिवसापासून आश्रुबाच्या डबड्याला जोडलेला होता आणि आश्रुबाचा सेक्रेटरींच्या. इतके दिवस सेक्रेटरी घसा कोरडा करून साडूचा दिवा विझवत होते, आणि साडू आपलं यंत्र आपोआप चालतं म्हणून मिरवत होता.

"मग सोपं हाय की," कौशल्याबाई म्हणाल्या. "डबडं एका टायमाला एकाच फोनचं ऐकतंय. ह्येनी तिकडून एकडाव बटन दाबलं की तुमचा दिवा इझला. तुमी फकस्त म्हणा त्यांना."

आश्रुबा भिंतीपलीकडं उभाच होता. हातात फोन, अंगठा बटणावर, नजर आभाळात. 'आश्रुबा, दाबा' एवढे दोन शब्द. गाडी वाचली असती. सेक्रेटरींचा त्या गाडीवर खरोखर जीव होता. जन्मभर सायकलवर सोसायटीची गावं पालथी घातलेला माणूस, म्हातारपणी पहिल्यांदा काच खाली करून लोकांचे रामराम घेत होता. त्यांनी गाडीकडं पाहिलं. आश्रुबाकडं पाहिलं. मग छाती काढून म्हणाले,

"गाडी गेली तरी चालंल. पन मी त्याच्याकडं अर्ज करणार न्हाई."

संध्याकाळी मकसूद गाडी घेऊन गेला आणि ओट्यावर टाकी आली. सेक्रेटरी त्या रात्री तिच्याकडं पाठ करून जेवले.

पण हार त्यांनी मानली नव्हती. मकसूद निघता निघता डबडं काढून त्यांच्या हातात देऊन गेला होता, ते त्यांनी कपाटात कुलूपबंद केलं. आश्रुबाच्या डबड्याला जोडलेला आपला फोन मात्र तोडला नाही. जिथं गाडी, तिथं आपला फोन हजर. चार दिवसांत आश्रुबाच्या गाडीत दिवा लागला. विझवायची सोय सेक्रेटरींच्या खिशात. कौशल्याबाईंची अट होतीच, आता आश्रुबाची गाडी जायची पाळी आली. शेवटी बहिणींनीच निकाल दिला: गाडी राहील, पण दोन्ही घरांची मिळून, आणि दोघंही नवरे तिच्यात पुढं बसतील.

पहिलीच फेरी बहिणींच्या माहेरची, युसूफ वडगावची. भाच्याचं जावळ होतं. आश्रुबा चालवतोय, शेजारी सेक्रेटरी, मागं दोघी. गाव मागं पडलं आणि दिवा लागला.

"दिवा लागला," आश्रुबा समोरच्या काचेला म्हणाला.

"अर्ज करा," सेक्रेटरी बाजूच्या काचेला म्हणाले.

आश्रुबानं उगाच एकदा गिअर बदलला. मग काचेलाच म्हणाला, "विनंती हाय."

"मंजूर!"

दिवा विझला. सेक्रेटरींची छाती अशी फुगली की सीटबेल्ट करकरला. गाडी गेली त्याचं दुःख त्या एका शब्दानं निम्मं भरून निघालं. थोड्या वेळानं दिवा पुन्हा लागला. "विनंती हाय." "मंजूर!" पुन्हा लागला. पुन्हा विनंती, पुन्हा मंजूर. आपल्यावाचून ही गाडी पाऊलभर हलत नाही, हे सेक्रेटरींनी मागं वळून दोघींनाही ऐकवलं.

गाडी तिथंच थांबली. बॉनेटमधून आधी सूं असा आवाज आला, मग वाफेचा लोट. दोन्ही बाजूंना भेगाळलेलं रान, सावलीला बाभळसुद्धा नाही.

"दिवा बघा, दिवा!" सेक्रेटरी वाफेतून ओरडले. "इझलेला हाय! गाडीत काडीचा दोष न्हाई!"

मागून माणशी भाडं घेणारी वडापची जीप आली. आत तिघांपुरती जागा होती. दोघी बहिणी चढल्या. कडूबाईंनी सरकून आश्रुबाला जागा केली, कारण पुढच्या गावातून मिस्त्री आणायचा तर गाडीचं दुखणं सांगणारा शहाणा माणूस हवा होता. आश्रुबानं जीपच्या दांडीला धरून मान बाहेर काढली आणि दोन वर्षांत पहिल्यांदा साडूच्या डोळ्यांत पाहून बोलला.

"सेक्रेटरी, तुमी हितंच थांबा. दिवा लागला तर इझवायला माणूस पायजे."

सेक्रेटरींना यावर असं सणसणीत उत्तर सुचलं की आश्रुबा जन्मभर विसरला नसता. पण तोवर जीप निघून गेली होती.